तुतीच्या उखळातली कडू पूड

मित्रांनो, मी आयुष्यात कुऱ्हाड दोनदा जवळून पाहिली. पहिल्यांदा तिनं मला झाडापासून वेगळं केलं. दुसऱ्यांदा ती माझे तुकडे करायला आली होती, तंदुरात घालण्यासाठी. माझ्यावरचा आळ खोटा होता आणि तो खोटा आहे हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि घरातल्या म्हातारीला. मला बोलता येत नाही. म्हातारीला येत होतं, पण तिची जीभ उचलत नव्हती.

मी तुतीच्या लाकडाचं जुनं उखळ आहे. पार्केंत गावाच्या वरच्या अंगाला, जिथं गाडीरस्ता संपून डोंगराची पायवाट लागते, तिथल्या एका अंगणात मी पन्नासहून अधिक वर्षं काढली. त्याआधी मी झाड होतो. दर वसंतात रेशीमकिड्यांसाठी माझ्या फांद्या छाटून न्यायचे आणि मी पुन्हा हिरवा व्हायचो. एका वर्षी झालो नाही, मग कुऱ्हाड आली. इस्मत उस्ता नावाच्या सुतारानं माझ्या बुंध्याचा ओंडका निवडला, त्याच्या पोटात निखारे ठेवून तो हळूहळू जाळला आणि वाकसानं आतून तासून गुळगुळीत केला. दुखलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच दिवशी त्यानं माझा जोडीदार मुसळही घडवला आणि तेव्हापासून मला एकटं वाटलं नाही.

त्याला हे काम सांगितलं होतं इनोबतच्या वडिलांनी. लेक सासरी चालली होती, तिच्या आहेरात गाद्या, किटली आणि मी. इनोबत तेव्हा एकोणीस वर्षांची. गाडीतून उतरल्यावर घरातल्या कोणाकडे बघायच्या आधी तिनं माझ्या काठावरून हात फिरवला होता, कारण तिथं ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं. ते मी विसरलो नाही.

काय काय कुटलं मी! जिरं, मिरी, मका, आणि हिवाळ्यासाठी वाळवलेली तुती. माझ्याच जातीच्या झाडाची फळं माझ्याच पोटात कुटली जायची आणि त्या गोड पिठाची मूठ मुलं तोंडात कोंबायची. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, "इनोबतच्या उखळाला हात लागला की जिन्नस बोलायला लागतो." मला अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवायचोही नाही. पुढं इनोबतचा नवरा आजारी पडला. शेवटची दोन वर्षं त्याला गोळी गिळवत नव्हती. ती रोज त्याच्या गोळ्या माझ्यात कुटायची आणि मधात कालवून चाटवायची. तो गेल्यावर तिनं मला राखेनं घासलं, सात पाण्यांनी धुतलं आणि उन्हात ठेवलं.

मग तिच्या मुलानं, सोबिरनं, विजेवर चालणारं यंत्र आणलं. घर्रर्र केलं की झालं काम. माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. एक लंगडी कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. तिच्याविषयी माझी तक्रार नाही, ती निदान उबदार होती. तक्रार माणसांविषयी होती. चौदा वर्षं मला कोणी हात लावला नाही.

त्या चौदा वर्षांत मी पडवीतून बरंच पाहिलं. सोबिर ट्रक घेऊन दूर दूर जायचा. त्याची बायको मावलुदा, म्हणजे इनोबतची सून, हुशार आणि भलती हट्टी. तिनं पडवीला लागून शेड बांधली आणि ब्रॉयलर कोंबड्या पाळायला घेतल्या. एका वेळी दीडशे पिल्लं, बेचाळीस दिवसांत वजनाला तयार. खाद्याबरोबर एक पिवळी पूड यायची. आजार असो नसो, रोज डबीभर पूड खाद्यात मिसळायची. पूड म्हणजे औषधच, जंतू मारणारं. सगळे मिसळायचे म्हणून तीही मिसळायची. पिल्लं भराभर वाढायची आणि कोणाला काही विचारावंसं वाटायचं नाही.

मग मावलुदाची लेक रोबिया आजारी पडली. पाच वर्षांची पोर. आधी पोट बिघडलं, मग ताप चढला आणि जंतू रक्तात गेले. शहरातल्या इस्पितळात ती एकतीस दिवस होती. एक औषध दिलं, उपयोग नाही. दुसरं दिलं, तेच. तिसऱ्याचंही तेच झालं. चौथं लागू पडलं. डॉक्टरीणबाईंनी मावलुदाला बाहेर बोलावून सांगितलं, "हिच्या अंगातले जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नव्हते. यापुढचं औषध माझ्याकडे नव्हतं, हे लक्षात ठेवा." आणि विचारलं, "घरी कोंबड्या आहेत का? त्यांच्या खाद्यात काय घालता?"

परत आली त्या दिवशी मावलुदानं पिवळ्या पुडीचे डबे उचलले आणि गुरांचे डॉक्टर ओलिमजोन यांच्यापुढं नेऊन ठेवले. "ओलिमजोन अका, हे घ्या. माझ्या कोंबड्यांच्या पोटात जे जंतू या पुडीला सरावले, तेच माझ्या पोरीच्या पोटात गेले का?"

"तेच गेले असं मी छातीठोक सांगू शकत नाही," अका म्हणाले. अका म्हणजे दादा. "पण रस्ता तोच आहे. रोज थोडं थोडं औषध दिलं की दुबळे जंतू मरतात आणि निगरगट्ट उरतात."

"मग बिनपुडीच्या कोंबड्या वाढवायच्या कशा?"

"वाढतात की. डोंगरावरची रानतुळस, लसूण, ज्येष्ठमध, कलौंजी. बेतानं खाद्यात घाल, पोट ठीक राहतं, भूक लागते. पण ही जादू नाही हं. पायाखालची तुसाची गादी कोरडी हवी, पाणी स्वच्छ हवं, गर्दी कमी हवी. आणि खरंच आजार आला तर लपवायचा नाही, मला बोलवायचं. त्या वेळी औषध देऊ, पण त्या वेळीच."

विजेच्या यंत्रात ज्येष्ठमधाची मुळं घातली तर त्याचं पातं तुटलं. लसूण घातला तर लगदा झाला. म्हाताऱ्या इनोबतनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "केलिन, त्या घर्रघर्रीला राहू दे. माझं उखळ आण." केलिन म्हणजे सूनबाई, तिकडं सुनेला तसंच बोलावतात. लंगडी कोंबडी केव्हाच गेली होती. त्यांनी मला उचललं, धुतलं आणि पुन्हा उन्हात ठेवलं. मित्रांनो, चौदा वर्षांनी अंगावर पडलेलं ते ऊन काय होतं, हे मला सांगता येणार नाही.

पहिली खेप फसली. मावलुदानं हौसेनं लसूण इतका घातला की पिल्लांनी खाद्याला चोच लावली नाही. शेजारीण शरोफत कुंपणावरून म्हणाली, "कोंबड्यांना काढे पाजतेस होय? उद्या बकरीला पुलाव वाढशील." दुसऱ्या खेपेला गादी ओली राहिली, हगवण लागली आणि तीस पिल्लं दगावली. मावलुदा पडवीत बसून रडली. इनोबत तिच्याजवळ गेली नाही. तिनं नुसतं मुसळ उचललं आणि दुसऱ्या दिवशीचं कुटायला घेतलं. तिची समजूत काढायची पद्धत तीच. तिसरी खेप मात्र उभी राहिली. कोंबड्या पूर्वीइतक्या लवकर भरल्या नाहीत, आठवडाभर जास्त लागला, पण त्या धडधाकट होत्या. शरोफतनंच दोन विकत नेल्या, तीही हसतच.

मग बालवाडीच्या हुर्रियत ओपा आल्या. ओपा म्हणजे ताई. रोबिया त्यांच्याच बालवाडीत जायची. मुलांच्या सूपसाठी त्यांना बिनऔषधाची कोंबडी हवी होती. "आधी नमुना तपासणार, मगच घेणार. साठ मुलं आहेत माझ्याकडं," त्या म्हणाल्या. मावलुदाचे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते. तिच्या पोरीला झालं ते दुसऱ्या पोराला होऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि आता साठ मुलांच्या वाटीत तिचा शब्द जाणार होता.

पुढच्या खेपेच्या तेविसाव्या दिवशी तिनं शेडमध्ये नवी गादी घातली. तूस संपलं होतं म्हणून वखारीतला लाकडाचा भुसा आणला, पिठासारखा बारीक. दुसऱ्या दिवशी सोबिर आणि ती रोबियाला घेऊन तपासणीसाठी शहरात गेली, चार दिवसांकरता. घरात इनोबत एकटी.

त्या सकाळी शेडमधून खोकल्याचा आवाज येऊ लागला. एक, मग दहा, मग सगळीकडून खर् खर्. म्हातारी दारात उभी राहून ऐकत होती. तीस मेलेली पिल्लं तिला आठवली असणार, आणि पडवीत रडणारी सूनही. ओलिमजोन अकांना बोलवायचं तर ते दोन दिवस वरच्या कुरणात मेंढ्यांना लस द्यायला गेलेले. ती घरात गेली, आपली लाकडी पेटी उघडली आणि रुमालाची एक गाठ घेऊन माझ्यापाशी आली. गाठीत गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या.

मी त्या ओळखल्या नाहीत. पण ती माझ्याशी बोलायची, म्हातारी माणसं बोलतात तशी. "डॉक्टरीण म्हणाली उरलेल्या परत द्या. कशी देऊ? यांनीच माझी रोबिया परत आणली. माणसाला वाचवलं ते पिल्लांना नाही का वाचवणार?" तिनं गोळ्या माझ्यात टाकल्या आणि मुसळ उचललं. नवऱ्यासाठी दोन वर्षं याच हातांनी याच उखळात तिनं गोळ्या कुटल्या होत्या, त्यामुळं तिला यात काही वावगं वाटलंच नाही. कडू, पांढरी पूड झाली. ती रानतुळशीत मिसळली आणि तीन सकाळी खाद्यातून गेली.

चौथ्या दिवशी खोकला थांबला. मावलुदा परतली तेव्हा सगळं शांत होतं. "ओयी, तुमच्या हाताला गुण आहे हो," ती सासूला म्हणाली. ओयी म्हणजे आई. म्हातारी हसली आणि रिकाम्या पट्ट्या तिनं चुलीत घातल्या.

दोन दिवसांनी नमुना न्यायला हुर्रियत ओपा आल्या. अंगणातल्या मोठ्या बाजेवर दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरला होता. चहा होता, जर्दाळू होते आणि तंदुरातून नुकत्याच काढलेल्या, कलौंजी लावलेल्या नानी होत्या. ओपांनी सरळ विचारलं, "मावलुदा, औषधाचा कण गेला नाही ना? मला आत्ताच सांग, मी रागावणार नाही." मावलुदानं एक नान दोन्ही हातांत उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "मी खोटं बोलत असेन तर ही नान मला बाधो."

मित्रांनो, तिकडं यापेक्षा मोठी शपथ नाही. नान उलटी ठेवत नाहीत, तिचा तुकडा पायाखाली येऊ देत नाहीत. मी इनोबतकडं पाहत होतो. तिच्या हातातली चहाची वाटी ओठांपर्यंत येऊन थांबली होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पाहुण्यांसमोर सुनेचा शब्द कसा पाडायचा, असं तिला वाटलं असेल. किंवा भीती वाटली असेल. मी तिला पन्नास वर्षं ओळखतो, तरी तेव्हा मला तिचा राग आला.

आठ दिवसांनी निकाल आला. मांसात औषध सापडलं. ओलिमजोन अका कागद घेऊन स्वतः आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "हे कोंबड्यांचं औषधच नाही. माणसांच्या इस्पितळातलं आहे. आलं कुठून?"

"आमच्या घरात असणार कुठून? रोबियाच्या उरलेल्या गोळ्या ओयींनी तेव्हाच परत केल्या," मावलुदा म्हणाली.

"आणि ही गादी कसली घातलीस? नुसती धूळ. कोंबड्या खोकल्या नाहीत का?"

"खोकल्या असतील. मी नव्हते."

"धूळ बसली की खोकला थांबतो. त्याला औषध लागत नाही," अका सहज बोलून गेले. दारापाशी उभ्या असलेल्या इनोबतनं चौकट धरली.

बालवाडीनं कोंबड्या नाकारल्या. त्याचं मावलुदाला फार वाटलं नाही. पण मोहल्ल्यात एकच बोललं जाऊ लागलं, की मावलुदानं नान हातात घेऊन खोटी शपथ घेतली. शरोफतनं कुंपणावरून हसणं बंद केलं. बालवाडीच्या दारात बाया गप्प होऊ लागल्या. आणि मावलुदानं नान खाणं सोडलं. कोणाला काही न सांगता ती नुसता चहा आणि जर्दाळू घ्यायची. रोबियानं विचारलं, "आई, तू नान का नाही खात?" ती म्हणाली, "दात दुखतो गं." असे नऊ दिवस गेले. म्हातारी रोज ते पाहत होती, आणि रोज सकाळी मला राखेनं घासत होती, नुसतीच, काही न कुटता.

दहाव्या दिवशी मावलुदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचं सगळं शोधून झालं होतं, पाणी, खाद्य, बाजारातलं ज्येष्ठमध. आता तिच्या नजरेत मी होतो. "सासरेबुवांच्या गोळ्या यातच कुटायच्या ना, ओयी? लाकडानं पिऊन ठेवल्या असतील. हेच ते." अका म्हणाले होते की इतक्या वर्षांनी असं होत नाही, पण तिला काहीतरी हवं होतं ज्याला दोष देता येईल. तंदूर पेटलेला होता. तिनं कुऱ्हाड आणली, मला आडवं पाडलं आणि माझ्यावर पाय ठेवला.

मी तुम्हाला खरं सांगतो, मला जळण्याची भीती नव्हती. एकदा पोटात निखारे घेऊनच मी घडलो होतो. वाईट एवढंच वाटत होतं की माझ्याबरोबर खरी गोष्टही जळून जाईल आणि ती बाई जन्मभर त्या शपथेखाली जगेल.

"ठेव ती कुऱ्हाड," इनोबत म्हणाली. ती बाजेवरून उठली होती, पायात चपलासुद्धा नव्हत्या. "उखळानं काही केलं नाही. मी केलं."

मावलुदा वळली.

"रोबियाच्या गोळ्या. मी परत दिल्याच नव्हत्या. पिल्लं खोकत होती, तू रडशील असं वाटलं. तीन दिवस घातल्या. तू नान उचललीस तेव्हा मी तिथंच बसले होते, बाळा, आणि बसूनच राहिले."

कुऱ्हाड मावलुदाच्या हातातून खाली आली. मला वाटलं आता ती ओरडेल. शपथेविषयी, मोहल्ल्याविषयी, नऊ दिवसांविषयी. पण ती जमिनीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ओयी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यापुढचं औषध त्यांच्याकडे नाही. रोबियासाठी ते शेवटचं होतं. जंतूंना आता तेही माहीत झालं असेल तर? उद्या तिला पुन्हा ताप आला तर मी काय देऊ?"

इनोबतला आपली खरी चूक तेव्हा कळली. तोवर तिला वाटत होतं की आपण एक खोटं लपवलं. म्हातारी माझ्या आडव्या पडलेल्या काठावर बसली आणि डोक्यावरच्या रुमालानं तोंड झाकून रडली. मला तिचं वजन पूर्वीपेक्षा फार हलकं लागलं.

त्याच दुपारी त्या दोघी बालवाडीत गेल्या. रोबियानं संध्याकाळी सगळं मला ऐकवलं, म्हणून मला माहीत. मुलांना न्यायला आलेल्या बायांच्या गर्दीत बुवी, म्हणजे तिची आजी, उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "माझ्या सुनेची शपथ खरी होती. खोटी मी. जी नान बाधायची ती मला बाधू दे." हुर्रियत ओपांनी तिला खुर्ची दिली आणि पुढच्या खेपेचा नमुना कधी न्यायला येऊ, एवढंच विचारलं.

घरी आल्यावर दस्तरखान अंथरला. नान आधी घरातल्या वडीलधाऱ्यानं मोडायची असते. इनोबतनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "मी कोणत्या तोंडानं मोडू?" मावलुदानं सासूचा हात धरून नानेवर ठेवला, वर आपला ठेवला, आणि दोघींनी मिळून ती मोडली. पहिला तुकडा मावलुदानं तोंडात घातला. बराच वेळ ती तो नुसता चावत होती.

त्या खेपेच्या कोंबड्या अकांनी सांगितले तितके दिवस थांबवून ठेवल्या आणि पुन्हा तपासल्याशिवाय एकही बाहेर गेली नाही. शेड रिकामी करून चुन्यानं धुतली. भुसा काढून तूस घातलं. इस्मत उस्ताच्या नातवानं मला आतून दोन बोटं तासलं. माझ्या भिंती आता पातळ आहेत, मुसळ पडलं की मी पूर्वीपेक्षा मोठ्यानं वाजतो. पुढच्या खेपेचा निकाल स्वच्छ आला. रोबियाला त्या हिवाळ्यात ताप आला, तेव्हा तीन दिवस त्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. ताप आपोआप उतरला. पुढं कधी उतरला नाही तर काय, हे कोणालाच ठाऊक नाही, आणि मलाही नाही.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, मला फार सांगता येत नाही. कोंबडी खोकली तर आधी तिच्या पायाखालची गादी बघा. जाणत्याला विचारल्याशिवाय औषध देऊ नका, आणि उरलेलं औषध पेटीत जपून ठेवू नका. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना धुऊन, उन्हात ठेवून वापरा, आम्ही अजून कामाचे आहोत. आणि हातून चूक झालीच तर कोणी दुसरा कुऱ्हाडीखाली जाईपर्यंत थांबू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.